अठराव्या गड्ड्याची वही

१

“बाई, वही गेली!”

शुक्रवारी सकाळी शिवगंगाक्का फोनवर एवढंच बोलल्या आणि रडायलाच लागल्या.

नांदेडात आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रेणुका सोनकांबळे खिडकीशी बसल्या होत्या. समोर स्टुलावर कागदी पट मांडलेला, त्यावर चार रंगांच्या चार गोट्या, आणि चौघांचे डाव त्या एकट्याच खेळत होत्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. लाल गोटीनं पिवळीला मागं टाकलं तरी रागावणारं कुणी नव्हतं.

“कोणती वही, अक्का?”

“कोणती म्हणून काय विचारता! आप्पांची. अठरा गड्ड्यांची. काल दुपारी कपाट उघडं दिसलं, पाहते तर जागा रिकामी. अन् परवा पुण्याचा माणूस येणार. आप्पा अन्नाला शिवेनात.”

आप्पा म्हणजे सिद्रामप्पा, लातूरचे जुने आडते. वय शहात्तर. तरुणपणी ते दोन वर्षं सिकंदराबादला मामाच्या धान्याच्या दुकानात होते. दुकानामागं तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं गोल्फचं मैदान. साहेब लोक पांढरा चेंडू काठीनं मारत मारत एका बारक्या गड्ड्यात घालायचे, आणि सिद्रामप्पा रोज संध्याकाळी तारेला नाक लावून ते पाहायचे. गावी परतले ते भंगार बाजारातून घेतलेली एक लोखंडी डोक्याची काठी घेऊन. वडलांनी त्या काठीवरून त्यांना आठ दिवस बोलून घेतलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको पारूबाई गेली. घर गप्प झालं, तेव्हा आप्पांनी त्या मैदानाचा बैठा खेळ करायला घेतला. गड्डे अठराच, पण एकेक आपल्या मुलखातला. देवणीच्या गड्ड्यावर वाटेत गाय बसलेली, ती उठेपर्यंत थांबायचं. किनवटला चेंडू सागाच्या जंगलात हरवायचा. नायगावला भरल्या बाजारावरून मारायचा. कमीत कमी फटक्यांत जो पोचेल तो जिंकला. काठ्या पाच. कोणती काठी घ्यायची ते आप्पांच्या हातात, रुमालाखाली, बोटं दाबून सांगायचं. आडतीवर चाळीस वर्षं त्यांनी असेच सौदे केले होते, दोघांनाच कळायचं, तिसऱ्याला नाही. मग कवड्या टाकायच्या.

दर शनिवारी दुपारी चारला आप्पांच्या बैठकीत चौघांचा डाव पडायचा. आप्पा, त्यांची मेहुणी शिवगंगाक्का, पट आखणारे अमरनाथराव आणि नांदेडहून बसनं येणाऱ्या रेणुकाबाई. सतरा गड्डे सगळ्यांना खेळून पाठ झाले होते. अठरावा मात्र आप्पांनी कुणाला सांगितला नव्हता. तो वहीतच होता.

आणि पुण्याच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीला मूळ वहीच पाहायची होती. आप्पांचा मुलगा महांतेश त्या माणसाला आपल्या गाडीतून रविवारी आणणार होता. त्याची अट सगळ्यांना ठाऊक होती. खेळ छापणार असतील तर आप्पांनी खुशाल लातुरात राहावं. नसेल तर घराला कुलूप आणि त्याच गाडीनं पुणं.

“मला तर त्या अमरनाथचाच संशय हाय,” शिवगंगाक्का नाक पुसत म्हणाल्या. “गेल्या शनिवारी केवढा भांडला! अन् बुधवारी संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं त्याला, आमच्या गल्लीच्या तोंडाला. बुधवारी दुपारनंतर वही कुणी पाहिलीच न्हाई. तुम्ही भरारीबाई. तुम्हीच काढा आता शोधून.”

रेणुकाबाई एकतीस वर्षं मास्तरीण होत्या, आणि त्यातली बरीच वर्षं परीक्षेच्या भरारी पथकात. कॉप्या पकडायच्या. गाडी शाळेच्या फाटकात शिरली की पोरांच्या खिशातले कागद खिडकीबाहेर उडायचे. नाव तेव्हापासून पडलं होतं.

त्यांनी चारही गोट्या डबीत भरल्या. अमरनाथरावही नांदेडातच, दोन गल्ल्या पलीकडं राहायचे.

२

अमरनाथराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात अजून मऊ शिशाची पेन्सिल. त्यांनी दार उघडलं, रेणुकाबाईंकडं पाहिलं आणि म्हणाले, “झडती घ्यायला आल्या का? घ्या. उशीखाली काही न्हाई.”

“चहा तरी विचारा आधी.”

चहा त्यांनीच केला. घरात तेही एकटेच.

“तुमचं आप्पांशी कशावरून वाजलं?”

“तुमच्यासमोरच वाजलं की. डब्यावर नाव कुणाचं, यावरून.” त्यांनी बशी खाली ठेवली. “नावाचं काय एवढं न्हाई, बाई. सात महिने बसून पट रंगवला मी. गवताच्याच हिरव्या नऊ छटा. अन् दीड वर्षाखाली आप्पा म्हणतात काय, ह्यात जीव न्हाई. गुंडाळून ठेवा. मग अक्कांकडून कापडाचा शिवून घेतला. गवताला मखमल, वाळूला काचकागद, रानाला गोणपाट, पाण्याला गुळगुळीत रेक्झिन. अंगडं-टोपडं शिवल्यासारखं! माझा पट आता कुठं हाय, ठाऊक हाय?”

“माझ्याकडं. मी मागून आणला.”

अमरनाथरावांनी चटकन वर पाहिलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

“बुधवारी लातूरला कशाला गेला होता, भाऊ?”

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, “माफी मागायला. खरंच. उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. आप्पा समोर लोडाला टेकून बसलेले, दोन हातांच्या अंतरावर. मांडीवर वही, लिहून राहिले होते. मान वर केली, माझ्याकडंच पाहिलं. मी हात जोडले. अन् बाई, ते पुन्हा खाली मान घालून लिहायला लागले! तोंड फिरवलं असतं तर बरं वाटलं असतं. राग तरी दिसला असता. नुसतं आरपार पाहिलं, मी म्हणजे दाराची चौकट.”

“तुम्ही काही बोलला न्हाई?”

“काय बोलणार? जीभच उचलंना. घरात कुणाचा आवाज न्हाई, नुसती पेनाची खरखर. तसाच माघारी फिरलो. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत डोळे पुसत होतो, म्हातारा माणूस.”

रेणुकाबाईंनी चहा संपवला.

“म्हणजे बुधवारी संध्याकाळी वही होती.”

“होती.” अमरनाथरावांच्या लक्षात आता आलं. “म्हणजे वही शेवटची पाहणारा मीच निघालो की, बाई.”

३

शनिवारी बसचं चाक वाटेत बसलं आणि लातूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

ही गल्ली रेणुकाबाईंच्या पायांना पाठ होती. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या असताना नोकरीचं पत्र हातात घेऊन त्या इथं खोली शोधत फिरल्या होत्या. प्रत्येक दारात आधी खोली असायची, आणि सोनकांबळे आडनाव ऐकलं की ती कालच कुणाला तरी दिलेली असायची. सातव्या दारात पारूबाई उभ्या होत्या, हात ज्वारीच्या पिठानं भरलेले. त्यांनी आडनाव ऐकलं, पीठ झटकलं, आणि वरच्या खोलीची किल्ली काढून दिली. “जिना जपून चढा, तिसरी पायरी हलतीय,” एवढंच बोलल्या. सहा वर्षं रेणुकाबाई वर राहिल्या. पुढं लग्न झालं, बदल्या झाल्या, पण पारूबाईंच्या हातची ती पिठाळ किल्ली त्या कधी विसरल्या नाहीत.

बैठकीत अंधार होता. आप्पा लोडाला पाठ लावून भिंतीसारखे बसले होते.

“कोण? रेणुकाबाई? या. तुमच्या चपलेचा आवाज अजून तोच हाय.”

रेणुकाबाईंनी बटण दाबलं. ट्यूब लागली. आप्पांनी मान हलवली नाही.

“अंधारात काय बसलाय, आप्पा?”

आतून हातात धुतलेला अभ्रा घेऊन शिवगंगाक्का आल्या. “वीज वाचवतात! रोजचंच हाय. मी दिवा लावायचा, मी बोलणी खायची. अन् हे बघा, उद्या पाहुणे येणार, लोडाला नवा अभ्रा घालते म्हणलं तर उठंनात. दोन दिवस झाले, त्या लोडाला चिकटून बसलेत.”

“न्हाई म्हणलो ना एकदा!” आप्पा एवढ्या जोरात ओरडले की अक्कांच्या हातातला अभ्रा खाली पडला. मग हळूच म्हणाले, “असू द्या. पारूनं शिवलेला हाय.”

रेणुकाबाई कपाटापाशी गेल्या. भिंतीतलं जुनं सागवानी कपाट. कुलूप धड होतं, ओरखडा नव्हता. किल्ली आप्पांच्या करदोड्याला, ती कधी सुटायची नाही.

“कुलूप उघडं राहिलं असंल,” आप्पा म्हणाले. “विसरलो.”

चाळीस वर्षांपूर्वीचा तुरीचा भाव न विसरणारा माणूस.

स्वयंपाकघरात रेणुकाबाईंनी अक्कांना विचारलं, “तुमचंही नाव डब्यावर नव्हतं येणार. राग न्हाई आला?”

“आला की.” अक्का भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. “बोटाला सुया टोचून टोचून चाळण झाली. एक टाका उंच, एक टाका खाली, चार चार वेळा उसवायला लावलं. स्वतः बोट फिरवून बघायचे अन् म्हणायचे, इथं रान अन् गवत एकच लागतंय, अक्का, पुन्हा शिवा. पण मी वही कशाला घेऊ? वही गेली म्हणजे ते पुण्याला जाणार. मग मी रोज सकाळी कुणासाठी येऊ इथं? माझ्या घरात काय हाय? टीव्ही अन् मी.”

हे खरं होतं. ज्याला ज्याला आप्पा लातुरात हवे होते, त्या कुणालाच वही जाऊन चालणार नव्हती. मग ती नेली कुणी?

उरली वरच्या खोलीतली मुलगी.

४

लातुरात शिकवण्यांसाठी बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहतात, तशी अक्षरा देगलूरकडून आलेली. डॉक्टरकीच्या परीक्षेचं तिचं दुसरं वर्ष. आप्पांनी तिला वही मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे अर्धा खेळ तिच्या मोबाइलात होता.

तिसरी पायरी अजून हलत होती.

“मॅडम, मी न्हाई हो घेतली,” अक्षरा आधीच म्हणाली. भिंतीभर आकृत्या चिकटवलेल्या, रेणुकाबाईंच्या वेळी तिथं एक आरसा होता. “नऊ गड्डे उतरवले, मग माझी परीक्षा आली. हे बघा, सगळं हाय.”

“कसं उतरवायचीस? वही तुझ्याकडं द्यायचे?”

“न्हाई, वहीला हात लावू द्यायचे न्हाईत. मांडीवर उघडी ठेवून तेच सांगायचे. एकदम घडाघडा.” ती हसली. “अन् एक गंमत. पानंच उलटायचे न्हाईत. एकच पान उघडं, अन् त्यातून तीन गड्डे सांगून झाले. मी म्हटलं, आजोबा, अक्षर लई बारीक हाय काय तुमचं?”

“मग काय म्हणाले?”

“तेव्हा उलटलं एक पान.”

रेणुकाबाई तिच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. “गुरुवारी सकाळी तू घरात होतीस?”

“सातला क्लासला जाताना खाली आले होते. आजोबांचा पेन घेतला, हजेरीच्या कागदावर सही करायला. चालंना. म्हटलं, आजोबा, हा तर संपलाय. तर विचारतात, कधीपासून? मला हसूच आलं. पेन त्यांचा, लिहितात ते, अन् कधीपासून ते मी सांगू? म्हटलं, कांडी तर कोरडी ठाक हाय, कधीचाच संपला असंल. टाकून दिला मी तो.”

“हसले का आप्पा?”

अक्षरानं आठवून पाहिलं. तिचं हसू हळूहळू गेलं. “न्हाई. भिंतीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. म्हणाले, जा तू, उशीर होईल.”

आणि त्याच दुपारी कपाट रिकामं सापडलं होतं.

रेणुकाबाई जिन्यात आल्या आणि कठड्याला धरून तिथंच बसल्या. त्यांना फार जुनी एक दुपार आठवली. किनवटकडचं एक परीक्षा केंद्र. पर्यवेक्षक धावत आले, एका मुलीची उत्तरपत्रिका चोरीला गेली म्हणाले. सगळ्या वर्गाची झडती झाली. शेजारच्या पोराच्या पाठीत धपाटेही बसले. उत्तरपत्रिका सापडली ती त्या मुलीच्याच परकराच्या घडीत. सिंधु तिचं नाव. चोवीस पानं, सगळी कोरी. “बाईंनी कोरा पेपर बघू नये म्हणून,” सिंधु म्हणाली होती. तिनं कुणाचं काही चोरलं नव्हतं, तरी रेणुकाबाईंनी पाहिलेल्या सगळ्या कॉपीबहाद्दरांपेक्षा तीच जास्त थरथरत होती.

खाली बैठकीत कुणीतरी ट्यूब पुन्हा बंद केली. आप्पांनीच केली असावी, हाताच्या सवयीनं. बटण चालू की बंद हे ते बोटानं पाहत असावेत.

रेणुकाबाईंना चोर कळला होता. तो कळला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

५

रविवारी पहिल्या बसनं अमरनाथराव आले. रेणुकाबाईंनीच बोलावलं होतं. शिवगंगाक्कांनी त्यांना पाणी दिलं, पण पेला जमिनीवर आपटून. अक्षरा दारात उभी. महांतेशची गाडी बार्शीच्या पुढं आली होती, दीड-दोन तासांत पोचणार होती.

मधोमध कापडी पट पसरलेला. आप्पा लोडाला टेकून ताठ बसलेले.

रेणुकाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, अगदी जवळ. त्यांनी एक हात मागं टेकवला, लोडावर. आत कापूस दबला, आणि कापसाच्या मधोमध एक कडक कोपरा लागला. अभ्र्याची बटणं उघडीच होती. त्यांनी दोन बोटं आत घातली, एका पानावरून हळूच फिरवली. पान कोरं होतं की नाही ते दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. पानभर बारीक चर होते. ओळीच्या ओळी.

“आप्पा,” त्या फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “वही मला सापडली.”

आप्पांनी पाठ लोडाला आणखी दाबली.

“बुधवारी अमरनाथभाऊ तुमच्यासमोर उभे होते, दोन हातांवर. तुम्हाला दिसले न्हाईत. अक्षराला सांगताना पान उलटायचं तुम्हाला सुचलं न्हाई, कारण तुम्ही वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. रंगवलेल्या पटात जीव नव्हता, कारण तो हाताला लागत नव्हता. अन् गुरुवारी कळलं की पेन कधीचाच संपलाय. मग पानावर काय उरलंय, ते कुणाला विचारणार? विचारलं की कळलंच. म्हणून वही चोरीला गेली.”

समोर अक्का आणि अमरनाथराव एकमेकांकडं न पाहता बसले होते. त्यांना वाटलं, दोघं पाहुण्यांचं काही बोलतायत.

आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

रुमालाखाली त्यांचा हात आला, कोरडा, मोठा, आडतीवर हजारो हात धरलेला. त्यांनी रेणुकाबाईंची तीन बोटं पकडली.

“काय? वर्षं?” रेणुकाबाई पुटपुटल्या.

“महिने,” ओठ न हलवता आप्पा म्हणाले. “तीन महिने कुणाला सांगू नका. महांतेशला कळलं तर आजच्या आज नेतोय तो मला. इथं मला डोळे लागत न्हाईत, बाई. तिथं उंबरा कुठं हाय तेबी ठाऊक न्हाई.”

रेणुकाबाईंना पारूबाईंची पिठाळ किल्ली आठवली. याच घरात त्यांना दार मिळालं होतं, आणि आता त्यांच्या एका शब्दावर या माणसाचं दार मिटणार होतं. तीन महिने काय, तीन वर्षं गप्प बसावं अशी ती ओढ होती. मग त्यांना समोर अमरनाथराव दिसले, चोर ठरून बसलेले, पेल्यातल्या पाण्याकडं पाहणारे. सिंधुच्या शेजारच्या पोराला मारलेले धपाटे त्यांनी थांबवले नव्हते.

त्यांनी आपली बोटं सोडवून घेतली आणि आप्पांचं एकच बोट धरलं.

“महिना?” आप्पांच्या आवाजात आशा होती.

“तास.”

आप्पा त्यांचा हात धरून बसून राहिले. सौदा मान्य झाला की हात सोडायचा आणि रुमाल उचलायचा, ही आडतीची रीत. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. अक्षरानं पाय बदलला.

मग आप्पांनीच रुमाल उचलला.

“अमरनाथ,” ते मोठ्यानं म्हणाले, आवाज जिथून येईल असं वाटलं त्या बाजूला तोंड करून. “वही कुणी नेली न्हाई. माझ्या पाठीमागं हाय. मला दिसत न्हाई रे. दोन वर्षं झाली.”

६

अमरनाथराव चाचरत म्हणाले, “म्हणजे बुधवारी तुम्ही मला...”

“बुधवारी काय?”

“आलो होतो मी. हात जोडून उभा होतो.”

“मग बोलायचं की रे येड्या!” आप्पा ओरडले. “तोंडाला काय झालं होतं तुझ्या? पाटबंधारेवाल्यांनी कुलूप घातलं होतं का?”

आणि अमरनाथराव हसता हसता रडायला लागले. शिवगंगाक्कांनी त्यांच्यापुढचा पेला उचलून नेला आणि चहा आणून ठेवला, या वेळी न आपटता. मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, “मेल्या बहिणीची शपथ घालून मी रोज विचारायची, डोळे बरे हायत ना भावजी? तर म्हणायचे, तुमच्या डोक्यातला पांढरा केस दिसतोय! लबाड!”

“अंदाजानं म्हणायचो,” आप्पा म्हणाले.

काचबिंदू होता. ते एकटेच जाऊन दाखवून आले होते. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

अमरनाथरावांनी वही दारातल्या उजेडात नेली. शेवटची तेरा पानं पांढरी होती. काही ठिकाणी ओळीवर ओळ चढलेली, एक ओळ तर पानावरून उतरून गेलेली. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, आडवी धरली आणि अगदी हलक्या हातानं पानावरून फिरवू लागले. करडा रंग पसरत गेला आणि त्यात चरांची पांढरी अक्षरं वर आली. खात्यात पुसलेले जुने नकाशे ते असेच काढायचे. अक्षरा शेजारी बसून वाचत आणि उतरवत गेली. जिथं ओळी गुंतल्या होत्या तिथं आप्पा सांगत होते.

शेवटच्या पानावर अठरावा गड्डा होता. अक्षरानं मोठ्यानं वाचला.

“गड्डा अठरावा. लातूर, आपलं दार. जो आधी पोचेल त्यानं झेंडा उपसून हातात धरावा व बाजूला उभं राहावं. शेवटचा गडी येईपर्यंत बसू नये. तोवर कुणी जिंकलं असं म्हणू नये.”

“सिकंदराबादला पाहिलं होतं,” आप्पा म्हणाले. “साऱ्या खेळात मला तेवढंच लई आवडलं होतं. एकजण झेंडा धरून उभा राहायचा, दुरून मारणाऱ्याला गड्डा कुठं हाय ते दिसावं म्हणून.”

गाडी आली. आप्पांनी मुलाला आधी आत बोलावून घेतलं आणि एकट्यानंच सांगितलं. महांतेश बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. दोन वर्षांत तो चारदा येऊन गेला होता. पुण्याचा माणूस भला होता. त्यानं डोळे मिटून पटावर बोटं फिरवली, तीन गड्डे खेळला, मखमलीवर दोनदा चुकला, सगळ्यांचे फोटो घेतले आणि कळवतो म्हणाला.

आप्पा त्याच गाडीनं पुण्याला गेले. जाताना त्यांनी घराला कुलूप लावू दिलं नाही. किल्ली करदोड्यातून सोडून शिवगंगाक्कांच्या हातात दिली. अक्षराच्या खोलीत दिवा राहू द्या म्हणाले.

या गोष्टीला तीन महिने होत आले. कंपनीचं अजून काही कळलेलं नाही.

शनिवारी दुपारी चारला रेणुकाबाईंचा फोन वाजतो. नांदेडात त्यांच्यासमोर अमरनाथरावांचा कागदी पट, पुण्यात आप्पांसमोर कापडी. अमरनाथराव कधी असतात, कधी गुडघे दुखतात म्हणून येत नाहीत. फोनवर रुमाल टाकता येत नाही, म्हणून कोणती काठी ते मोठ्यानंच सांगावं लागतं.

एका शनिवारी रेणुकाबाई आधी पोचल्या. गोटी अठराव्या गड्ड्यात पडली. आप्पांना देवणीच्या गाईनं अडवलं होतं, ते बरेच मागं होते.

“उभ्या हायत का?” आप्पांनी विचारलं.

“हाय की.”

“बसला असाल. मला काय दिसतंय, म्हणा!”

“म्हणूनच उभी हाय, आप्पा. टाका कवड्या.”

तिकडं कवड्या खुळखुळल्या. मग बराच वेळ आवाज नाही; आप्पा एकेक कवडी बोटानं चाचपून मोजत असणार.

“गाय उठंना, बाई.”

“उठंल. मला घाई न्हाई.”

खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. काडीपेटीच्या काडीला चिकटवलेला तो एवढासा झेंडा दोन बोटांत धरून रेणुकाबाई स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या, आणि पुण्यात पुन्हा कवड्या वाजायची वाट पाहू लागल्या.